संकेतस्थळाची लोड टेस्ट : ‘एबी’ कमांडपासून सुरुवात

नाशिकचा मागचा सिंहस्थ २०१५ साली झाला, आणि यूपीआय आले ते २०१६ मध्ये. २०२७ च्या सिंहस्थात मात्र खोली शोधणे, तारीख ठरवणे आणि पैसे भरणे ही तिन्ही कामे अनेक भाविक फोनवरच उरकू पाहतील, आणि त्याचा ताण पंचवटीपासून त्र्यंबकेश्वरपर्यंतच्या लहानमोठ्या यात्री निवासांच्या संकेतस्थळांवर पडेल. ही संकेतस्थळे एरवी निवांत चालतात. दोन सीपीयू आणि चार जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर त्यांना पुरतो, आणि पुरतो म्हणूनच तो नेमका किती पेलेल हे बहुधा कोणी मोजलेले नसते. हे मोजण्याच्या कामाला भार चाचणी, किंवा रोजच्या बोलण्यात लोड टेस्ट, म्हणतात. त्यासाठी महागडे साधन विकत घ्यावे लागत नाही. टर्मिनलवर चालणारी एक जुनी, मोफत कमांड सुरुवातीला पुरेशी असते.

ज्यांना सर्व्हरवर लॉगिन करून साध्या कमांड चालवता येतात, पण ज्यांनी लोड टेस्ट कधी केलेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणासाठी पंचवटीतील एक काल्पनिक यात्री निवास घेऊ. त्याचे संकेतस्थळ उबुंटूवर चालते. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे पीएचपीचे प्रोग्रॅम चालवणारा पीएचपी-एफपीएम आणि त्यामागे मायएसक्यूएल हा डेटाबेस अशी नेहमीची मांडणी आहे. चाचणीचे पुढील आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत, ते कोणत्याही खऱ्या सर्व्हरचे नाहीत.

ब्राउझरने सर्व्हरकडे केलेल्या प्रत्येक मागणीला रिक्वेस्ट म्हणतात. एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. ‘सेकंदाला इतक्या हजार रिक्वेस्ट’ असा एखादा मोठा आकडा मिळवणे हे लोड टेस्टचे उद्दिष्ट नसते. किती भारापर्यंत प्रत्येकाला वेळेत उत्तर मिळते आणि कोणत्या भारापासून रांग लागू लागते, ती जागा शोधण्यासाठी ही चाचणी करायची असते. ही जागा सापडली नाही, तर कितीही मोठा आकडा हाती आला तरी सिंहस्थाच्या दिवशी त्याचा उपयोग होणार नाही.

परवानगी, जागा आणि वेळ

लोड टेस्ट आणि हल्ला यांत तांत्रिकदृष्ट्या फारसा फरक नसतो. फरक परवानगीचा असतो. दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेच्या कामात व्यत्यय आणणे किंवा अधिकृत व्यक्तीला तिचा वापर करण्यापासून रोखणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये येते आणि असे कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ लागू होते. म्हणून संकेतस्थळ ग्राहकाचे असेल तर त्याची लेखी संमती घ्यावी, आणि होस्टिंग कंपनीचे लोड टेस्टबाबतचे नियम वाचून, गरज असल्यास त्यांना आधी कळवावे. ‘सहज बघतो किती टिकते’ म्हणून शेजारच्या हॉटेलच्या संकेतस्थळावर ही कमांड कधीही चालवू नये.

चाचणी शक्यतो खऱ्या संकेतस्थळावर करू नये. त्याची हुबेहूब प्रत दुसऱ्या सर्व्हरवर उभी करावी. हुबेहूब म्हणजे सीपीयू, मेमरी आणि सेटिंग तीच, आणि डेटाबेसमध्ये नोंदीही तितक्याच. पंधरा नोंदींच्या डेटाबेसवर प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) झटपट चालते, त्यामुळे तिथे मिळालेला निकाल दोन लाख नोंदींच्या डेटाबेसला लागू पडत नाही.

भार कुठून टाकायचा, हेही आधी ठरवावे लागते. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असेल आणि तुम्ही कॉलेज रोडवरच्या कार्यालयातून लॅपटॉपवर कमांड चालवलीत, तर अनेकदा सर्व्हरऐवजी तुमच्या ब्रॉडबँडचीच परीक्षा होते. भार त्याच सर्व्हरवरून टाकला, तर कमांड स्वतःच सीपीयू खाते आणि निकाल बिघडतो. म्हणून त्याच डेटा सेंटरमध्ये तासाभरासाठी आणखी एक लहान सर्व्हर भाड्याने घेऊन तिथून भार टाकावा. भाविकाला नाशिकहून किंवा नागपूरहून पान उघडायला किती वेळ लागतो, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, पण तो वेगळा आहे आणि त्याची चाचणीही वेगळी करावी.

आधी कागदावर गणित

कमांडला हात लावण्यापूर्वी किती भार अपेक्षित आहे ते लिहून काढावे. समजा, यात्री निवासाचे बुकिंग सकाळी दहा वाजता खुले होणार आहे आणि पहिल्या दहा मिनिटांत ६,००० माणसे येतील असा मालकाचा अंदाज आहे. प्रत्येकाने सरासरी पाच पाने उघडली, तर ३०,००० पाने ६०० सेकंदांत द्यावी लागतील, म्हणजे सेकंदाला ५०. पण माणसे सारख्या अंतराने येत नाहीत. दहाच्या ठोक्याला झुंबड उडते. पहिल्या मिनिटासाठी सरासरीच्या तिप्पट, म्हणजे सेकंदाला १५०, धरणे मला योग्य वाटते. हा अंदाजच आहे, पण तो लिहिलेला असला म्हणजे चाचणीच्या शेवटी ‘पुरेल’ की ‘पुरणार नाही’ असे ठाम उत्तर देता येते.

इथे नवशिक्यांचा एक गोंधळ हमखास होतो. एकाच वेळी संकेतस्थळावर असलेली माणसे आणि एकाच वेळी सर्व्हरमध्ये असलेल्या रिक्वेस्ट या दोन वेगळ्या संख्या आहेत. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम इथे उपयोगी पडतो : सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्टना प्रत्येक रिक्वेस्टला लागणाऱ्या सेकंदांनी गुणले, की एका क्षणी आत असलेल्या रिक्वेस्टची सरासरी संख्या मिळते. सेकंदाला ५० पाने आणि प्रत्येकाला ०.४ सेकंद, म्हणजे एका क्षणी आत २० रिक्वेस्ट. पण माणूस पान वाचायला वीस सेकंद घेत असेल, तर त्याची एक फेरी २०.४ सेकंदांची होते आणि त्याच ५० पानांमागे सुमारे १,०२० माणसे संकेतस्थळावर असतात. म्हणून ‘हजार माणसे येतील, तेव्हा हजार समांतर रिक्वेस्ट टाकून पाहू’ असे म्हणणे चुकीचे आहे. तसे केल्यास खऱ्या भाराच्या कितीतरी पट भार पडतो आणि सर्व्हर विनाकारण कुचकामी ठरतो.

साधन बसवणे आणि सराव

‘एबी’, म्हणजे अपाची बेंच, ही कमांड अपाची वेब सर्व्हरबरोबर येते, पण ती चालवण्यासाठी अपाची सर्व्हर बसवावा लागत नाही आणि समोरचा सर्व्हर कोणताही असला तरी चालते. उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल अपाची२-युटिल्स’ एवढे पुरते. मॅकवर ती आधीपासूनच असते. या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप कराव्यात; जिथे ‘मोठे’ असे म्हटलेले नाही तिथे अक्षरे लहान आहेत.

पहिला सराव स्वतःच्या लॅपटॉपवरच करावा. एखाद्या फोल्डरमध्ये एक साधी एचटीएमएल फाइल ठेवून तिथे हा सर्व्हर सुरू करावा :

पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०८०

मग दुसऱ्या टर्मिनलमध्ये :

एबी -एन १०० -सी ५ एचटीटीपी://१२७.०.०.१:८०८०/

‘-एन’ म्हणजे एकूण रिक्वेस्ट किती, आणि ‘-सी’ म्हणजे त्यांपैकी एकाच वेळी किती चालू ठेवायच्या. ‘-सी’चा आकडा ‘-एन’पेक्षा मोठा दिल्यास कमांड चालत नाही. पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ विसरू नये; नुसते संकेतस्थळाचे नाव देऊन ती रेघ गाळली, तर एबी पत्ता अवैध असल्याचे सांगून थांबते. आणखी एक काळजी : लहान ‘सी’ म्हणजे समांतर रिक्वेस्ट, तर मोठा ‘सी’ म्हणजे कुकी, तसेच लहान ‘टी’ म्हणजे वेळमर्यादा, तर मोठा ‘टी’ म्हणजे पाठवलेल्या मजकुराचा प्रकार.

निकाल कोणत्या क्रमाने वाचावा

कमांड संपली, की एक लांबलचक निकाल पडद्यावर येतो. बहुतेकांची नजर आधी ‘रिक्वेस्ट्स पर सेकंद’ या ओळीवर जाते. मी ती ओळ सर्वांत शेवटी वाचावी असे सुचवतो, कारण तिच्या आधीच्या ओळी ठीक नसतील तर तिला अर्थच उरत नाही.

सर्वांत आधी ‘डॉक्युमेंट लेंग्थ’ पाहावी. तुमचे खोल्यांचे पान ४० केबीचे असेल आणि इथे १६२ बाइट्स दिसत असतील, तर तुम्ही खोल्यांचे पान तपासलेलेच नाही. बहुधा सर्व्हरने एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर किंवा लॉगिनच्या पानाकडे पाठवणारे ३०१ किंवा ३०२ चे छोटे उत्तर दिले आहे. एबी अशा उत्तरामागे पुढच्या पत्त्यावर जात नाही. त्यानंतर ‘नॉन-२एक्सएक्स रिस्पॉन्सेस’ अशी ओळ आहे का, ते पाहावे. सगळे सुरळीत असेल तर ही ओळ छापलीच जात नाही. पण ५०२, ५०३ (सर्व्हरला काम झेपत नाही) किंवा ४२९ (फार रिक्वेस्ट येत आहेत) अशी उत्तरे आली, तर त्यांची संख्या फक्त इथे दिसते, कारण एबी त्यांना ‘फेल्ड रिक्वेस्ट्स’मध्ये धरत नाही. कोलमडलेला सर्व्हर चुकीचे छोटे पान फार झपाट्याने देतो. त्यामुळे ही ओळ न वाचणाऱ्याला सर्व्हर अचानक वेगवान झाल्यासारखे वाटते.

‘फेल्ड रिक्वेस्ट्स’ची गोष्ट याच्या उलट आहे. एबी पहिल्या उत्तराची लांबी प्रमाण मानते आणि ज्या उत्तराची लांबी वेगळी असेल ते अयशस्वी ठरवते. पानावर घड्याळातली वेळ, शिल्लक खोल्यांची संख्या किंवा बदलते टोकन असेल, तर बिनचूक उत्तरेही ‘लेंग्थ’ या खात्यात अपयश म्हणून नोंदली जातात. अशा पानासाठी ‘-एल’ हा पर्याय द्यावा, म्हणजे लांबीतला फरक एबी दुर्लक्षित करते. कंसात ‘कनेक्ट’, ‘रिसीव्ह’ किंवा ‘एक्सेप्शन्स’ यांपुढे शून्याखेरीज काही दिसले, तर मात्र ते खरे अपयश आहे.

‘टाइम पर रिक्वेस्ट’ ही ओळ दोनदा येते आणि तिथे पुष्कळ जण अडखळतात. पहिली ओळ म्हणजे एका रिक्वेस्टला सरासरी किती वेळ वाट पाहावी लागली, म्हणजेच भाविकाला जाणवणारा वेळ. दुसरी ओळ म्हणजे तोच वेळ समांतर रिक्वेस्टच्या संख्येने भागलेला. तो कोणाही माणसाच्या वाट्याला आलेला वेळ नाही. अहवालात नेहमी पहिली ओळ लिहावी.

त्याखालच्या ‘कनेक्शन टाइम्स’ तक्त्यात ‘कनेक्ट’ म्हणजे जोडणी होण्याचा वेळ. एचटीटीपीएस असेल तर त्यातला सुरुवातीचा सुरक्षा-व्यवहारही यात येतो. ‘वेटिंग’ म्हणजे रिक्वेस्ट पाठवल्यापासून उत्तराचा पहिला बाइट येईपर्यंतचा वेळ. ‘कनेक्ट’ मोठा असेल तर नेटवर्ककडे पाहावे, आणि ‘वेटिंग’ मोठा असेल तर तुमच्या प्रोग्रॅमकडे आणि डेटाबेसकडे.

शेवटी टक्केवारीचा तक्ता येतो : ५०, ६६, ७५, ८०, ९०, ९५, ९८, ९९, १००. ‘९५%’ पुढे ९०० दिसले, तर शंभरातील ९५ रिक्वेस्ट ९०० मिलिसेकंदांत पूर्ण झाल्या आणि उरलेल्या पाचांना त्याहून जास्त वेळ लागला. शंभरात पाच म्हणजे थोडेच, असे वाटू शकते. पण भाविक एकच पान उघडत नाही. पाच पाने उघडणाऱ्याला त्यांतले किमान एक पान रेंगाळलेले मिळण्याची शक्यता सुमारे २३ टक्के निघते, म्हणजे जवळजवळ दर चौथ्या माणसाला हा त्रास होणार. म्हणून सरासरीवर समाधान न मानता ९५ आणि ९९ च्या ओळी अहवालात आवर्जून लिहाव्यात.

भार पायरीपायरीने वाढवणे

आता प्रत सर्व्हरवर खरी चाचणी. एकदम मोठा आकडा न टाकता ‘-सी’ १ पासून सुरू करून २, ५, १०, २०, ४० असे वर जावे. प्रत्येक पायरी किमान मिनिटभर चालू द्यावी आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये सर्व्हरला मिनिटभर उसंत द्यावी. वेळेवर चालवण्यासाठी लहान ‘-टी’ वापरतात :

एबी -टी ६० -एन १०००००० -सी ५ -के -एल एचटीटीपीएस://(प्रत सर्व्हरचा पत्ता)/(खोल्यांचे पान)

‘-टी’ दिल्यावर एबी एकूण रिक्वेस्टची मर्यादा आपोआप ५०,००० ठेवते, म्हणून त्याच्यानंतर मोठा ‘-एन’ द्यावा. हा क्रम उलटा केला तर मर्यादा पुन्हा ५०,००० होते. ‘-के’मुळे ब्राउझरप्रमाणे एकच जोडणी पुन्हा पुन्हा वापरली जाते. पहिली फेरी हिशोबात धरू नये, कारण तेव्हा कॅश (तयार उत्तरे जवळ ठेवण्याची जागा) रिकामी असते.

समजा, आपल्या यात्री निवासाच्या पानाचे निकाल असे आले :

-सी १ : सेकंदाला १० रिक्वेस्ट, प्रत्येकीला १०० मिलिसेकंद
-सी २ : सेकंदाला २०, प्रत्येकीला १०० मिलिसेकंद
-सी ५ : सेकंदाला ५०, प्रत्येकीला १०० मिलिसेकंद
-सी १० : सेकंदाला ५०, प्रत्येकीला २०० मिलिसेकंद
-सी २० : सेकंदाला ५०, प्रत्येकीला ४०० मिलिसेकंद
-सी ४० : सेकंदाला ५०, प्रत्येकीला ८०० मिलिसेकंद

पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले ही बातमी नाशिककर ऐकतो, पण पूर किती आला हे तो गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून ठरवतो : पाणी गुडघ्यापर्यंत आहे, कमरेपर्यंत की गळ्यापर्यंत. लोड टेस्टमध्येही आत सोडलेला भार आणि चढलेली पातळी या दोन गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात. वरच्या निकालात पाचपर्यंत भार वाढवला तसे कामही वाढले आणि पातळी हलली नाही. पाचच्या पुढे काम सेकंदाला ५० वरच थांबले आणि वाढला तो फक्त थांबण्याचा वेळ. रांग लागण्याची जागा ती हीच. खऱ्या चाचणीत आकडे इतके नीटनेटके येत नाहीत, वळण हळूहळू दिसते. पण दोन्ही रकाने शेजारी ठेवले की ते दिसते.

अडथळा कुठे आहे

चाचणी चालू असताना सर्व्हरवर दुसरे टर्मिनल उघडून ‘व्हीएमस्टॅट १’ चालवावे. दर सेकंदाला एक ओळ येते. ‘आयडी’ हा रकाना शून्याजवळ असेल तर सीपीयू संपला आहे. ‘डब्ल्यूए’ वाढला असेल तर सीपीयू डिस्कची वाट पाहतो आहे. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ शून्यावरून हलले तर मेमरी कमी पडून स्वॅप, म्हणजे मेमरीऐवजी डिस्कचा वापर, सुरू झाला आहे. या स्थितीतले निकाल टाकून द्यावेत. ‘एसटी’ वाढत असेल तर तुमच्या वाट्याचा सीपीयू त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या भाडेकरूंकडे जात आहे. भार टाकणाऱ्या सर्व्हरवर ‘टॉप’ही पाहावे. एबी एकाच थ्रेडवर चालते, त्यामुळे तिथे एबीसमोर १०० टक्के दिसत असेल तर मर्यादा तुमच्या संकेतस्थळाची नसून साधनाची आहे.

आपल्या उदाहरणात काम नेमके ‘-सी ५’वर थांबले, हा धागा सोडू नये. पीएचपी-एफपीएमच्या मूळ सेटिंगमध्ये ‘पीएम.मॅक्स_चिल्ड्रन’ची किंमत ५ असते, म्हणजे एका वेळी पाचच पीएचपी प्रक्रिया काम करतात. प्रत्येकीला १०० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला ५० च्या पुढे जाणे गणितानेच शक्य नाही. सहावी रिक्वेस्ट रांगेत उभी राहणारच. एफपीएमच्या लॉगमध्ये ही मर्यादा गाठल्याची आणि ती वाढवण्याचा विचार करावा अशी सूचना स्पष्ट लिहिलेली सापडते. रांगही भरली, तर एनजिनएक्स ५०२ देऊ लागतो. मर्यादा इतर ठिकाणीही असतात आणि त्या माहीत असलेल्या बऱ्या : मायएसक्यूएल मूळ सेटिंगमध्ये १५१ जोडण्या घेते, पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस १००.

मग पाचाचे पन्नास करून टाकावेत का? नाही. एक प्रक्रिया ६० एमबी मेमरी घेत असेल, तर पन्नासांना ३ जीबी लागेल. चार जीबीच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल आणि बाकीची व्यवस्था सांभाळून तेवढी जागा उरत नाही, आणि मेमरी संपल्यावर लिनक्स सर्वांत मोठी प्रक्रिया मारून टाकतो. ती बहुधा डेटाबेसची असते. सीपीयूचा हिशोबही करावा. समजा, १०० मिलिसेकंदांपैकी ३० सीपीयूवर जातात आणि ७० डिस्कची व बाहेरच्या सेवेची वाट पाहण्यात जातात. दोन सीपीयू सेकंदाला २,००० मिलिसेकंदांचे काम करू शकतात, म्हणजे प्रक्रिया कितीही वाढवल्या तरी सेकंदाला साधारण ६६ च्या वर मजल जाणार नाही. प्रक्रिया दहा केल्या तरी आपण या नव्या मर्यादेला टेकू आणि तिथे सीपीयू अडेल. आपल्याला गरज १५० ची आहे.

म्हणून प्रक्रिया वाढवण्याआधी प्रत्येक पानाचे काम कमी करावे, असे माझे मत आहे. मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग, म्हणजे वेळ खाणाऱ्या क्वेरींची नोंद, सुरू करावा. त्याची मूळ मर्यादा १० सेकंदांची असते, ती ०.२ सेकंदांवर आणावी, नाहीतर त्यात काहीच सापडणार नाही. जी क्वेरी वारंवार दिसेल तिच्यापुढे ‘एक्स्प्लेन’ लावून ती पूर्ण टेबल वाचते का ते पाहावे. बुकिंगच्या तारखेच्या रकान्यावर इंडेक्स (नोंद पटकन शोधून देणारी सूची) नसणे हे फार सामान्य कारण आहे. त्यानंतर, लॉगिन न केलेल्या सर्वांना सारखेच दिसणारे खोल्यांचे पान एनजिनएक्सच्या फास्टसीजीआय कॅशमध्ये दहा सेकंद जरी ठेवले, तरी सेकंदाला १५० रिक्वेस्टपैकी बहुतेक पीएचपीपर्यंत पोहोचतच नाहीत. ज्या पानावर एखाद्याचे नाव किंवा बुकिंग दिसते ते पान मात्र चुकूनही कॅशमध्ये जाता कामा नये, कारण मग एकाची माहिती दुसऱ्याला दिसेल.

एका वेळी एकच बदल करावा आणि पूर्ण पायऱ्या पुन्हा चालवाव्यात. प्रत्येक फेरीची तारीख, संपूर्ण कमांड, सर्व्हरचे सेटिंग, ९५ आणि ९९ च्या ओळी व चुकीच्या उत्तरांची संख्या एका वहीत किंवा शीटमध्ये नोंदवावी. दोन बदल एकत्र केले आणि वेग वाढला, तर तो कशामुळे वाढला हे कधीच कळत नाही.

एबी जे दाखवत नाही

एबी एकाच पत्त्यावर सारखी रिक्वेस्ट पाठवते. पानातली चित्रे, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट ती मागत नाही. त्याच तारखेच्या खोल्या पुन्हा पुन्हा मागितल्यामुळे डेटाबेसची कॅशही सोयीस्कररीत्या भरलेली राहते, तर खरे भाविक वेगवेगळ्या तारखा विचारतात. अनेक पत्ते फाइलमध्ये देऊन यादृच्छिक क्रमाने मागण्यासाठी ‘सीज’ हे साधन सोपे आहे.

याहून सूक्ष्म मर्यादा अशी, की एबी उत्तर आल्यावरच पुढची रिक्वेस्ट पाठवते. सर्व्हर पाच सेकंद गोठला, तर एबीही त्या पाच सेकंदांत थांबते आणि भार आपोआप कमी होतो. प्रत्यक्षात दहा वाजता येणारी माणसे सर्व्हरच्या सोयीने थांबत नाहीत; ती येतच राहतात आणि पान उघडले नाही तर पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतात. त्यामुळे एबीचे ९९ च्या ओळीचे आकडे वास्तवापेक्षा सौम्य येऊ शकतात. गिल टेने यांनी या दोषाकडे लक्ष वेधले आणि ठरलेल्या गतीने भार टाकणारे ‘डब्ल्यूआरके२’ हे साधन तयार केले. ‘के६’ या साधनातही सेकंदाला ठरावीक रिक्वेस्ट पाठवण्याची सोय आहे. एबीने रांगेची जागा सापडल्यावर ‘सेकंदाला १५०, सलग दहा मिनिटे’ ही अंतिम चाचणी यांपैकी एका साधनाने करावी. काही स्वस्त सर्व्हरांना सीपीयूचे क्रेडिट, म्हणजे काही काळच पूर्ण वेगाने चालण्याची मुभा, मिळते आणि ते संपले की वेग घटतो. मिनिटभराच्या चाचणीत ही घट दिसत नाही, म्हणूनही अंतिम चाचणी लांबवावी.

बुकिंगच्या फॉर्मची चाचणी

पान पाहण्यापेक्षा बुकिंग नोंदवणे हे सर्व्हरसाठी जड काम आहे, म्हणून त्याची चाचणी स्वतंत्रपणे करावी. फॉर्ममधील माहिती एका फाइलमध्ये लिहून ती ‘-पी’ने द्यावी, आणि मोठ्या ‘-टी’ने मजकुराचा प्रकार सांगावा; साध्या फॉर्मसाठी तो ‘ॲप्लिकेशन/एक्स-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-फॉर्म-युआरएलएन्कोडेड’ असा असतो. लॉगिन लागत असेल, तर ब्राउझरमधून सेशनची कुकी घेऊन ती मोठ्या ‘-सी’ने द्यावी. फॉर्ममध्ये दर वेळी बदलणारे सुरक्षा टोकन असेल तर एबी इथे थांबते आणि के६ सारखे स्क्रिप्ट चालवणारे साधन घ्यावे लागते.

ही चाचणी सुरू करण्यापूर्वी प्रत सर्व्हरवरील एसएमएस, ईमेल आणि पैसे भरण्याचा दुवा बंद आहे, किंवा चाचणी खात्याला जोडलेला आहे, याची स्वतः खात्री करावी. दुसऱ्याने ‘बंद केले आहे’ असे सांगितले तरी. अन्यथा मिनिटभरात शेकडो एसएमएस खऱ्या क्रमांकांवर जातील आणि त्यांचे बिलही येईल. डेटाबेसची प्रत खऱ्या संकेतस्थळावरून घेतली असेल, तर ग्राहकांची नावे आणि फोन क्रमांक चाचणीआधीच बदलून टाकावेत. चाचणी संपल्यावर खोट्या नोंदी पुसाव्यात, चाचणीसाठी शिथिल केलेली फायरवॉलची आणि रिक्वेस्ट-मर्यादेची सेटिंग पूर्ववत करावीत, आणि भार टाकण्यासाठी घेतलेला सर्व्हर त्याच दिवशी बंद करावा, म्हणजे त्याचे भाडे चढत राहणार नाही.